पहिल्या दुधाच्या वड्या

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही. आईला अर्धं माहीत आहे, पण त्या अर्ध्याचा अर्थ तिला ठाऊक नाही. तरन्नुमला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तिला सांगितलं नाही, आणि आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जाऊ दे, कारण शोधत बसले की मी परत गप्प बसेन. मला ते चांगलं जमतं.

पुस्तकांपासून सुरुवात करते. खरं तर हे टाळणंच आहे, मला कळतंय ते — पण पुस्तकांशिवाय पुढचं तुम्हाला समजायचं नाही.

मी खुटबावची. कॉलेजला शिरूरला मावशीकडे राहिले, तिथं तरन्नुम भेटली. तिच्या घरच्यांच्या कितीतरी पिढ्या शिरूरच्या बाजारपेठेत गेल्या. ती बोलायला लागली की रस्त्यावरचं माणूस थांबून ऐकेल अशी. तिनंच मला ती पुस्तकं दिली. इंग्रजीतली जाडजूड मालिका होती — धुक्यानं भरलेली एक नदी, ती ओलांडून देणारे नावाडी, पलीकडं शापात अडकलेलं राज्य. आम्ही दोघी तिला नुसतं ‘धुक्याची पुस्तकं’ म्हणायचो. त्या पुस्तकांत खाणं फार होतं. लढाई व्हायची, माणसं मरायची, आणि पुढच्या पानावर कुठल्यातरी धर्मशाळेत शेकोटीभोवती बसून सगळे मशरूमचा ‘पाय’ — पारीत सारण भरून भाजलेला — खायचे, राखेत भाजलेला काळा पाव रश्श्यात बुडवायचे. वाचताना आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही तर वाटीत वरणभात घेऊन वाचायचो.

लग्न होऊन मी दौंडला आले. नवरा कुरकुंभला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मी घरी केकच्या ऑर्डरी घ्यायचे. तरन्नुम शिरूरलाच राहिली, डबे द्यायची, स्वयंपाकाचे क्लास घ्यायची. मग एके दिवशी तिचा फोन — मनीषा, आपण ती पुस्तकातली पंगत खरंच घालूया का? एका क्लासच्या वरची खोली रविवारी मोकळी असायची. ज्यांनी ती पुस्तकं वाचलीत त्यांनी यायचं, थोडं वाचायचं, मग त्यातलंच जेवायचं. मला वाटलं, शिरूरला कोण येणार? पण आले. पोरं आली, मास्तर आले, एक डॉक्टरीणबाई आल्या. आणि ऋता आली.

ऋता कॉलेजला होती. उंच, सडपातळ, सतत बोलणारी. तिला जन्मापासून दुधाची अॅलर्जी. दूध, दही, तूप, लोणी — यांतलं काहीही पोटात गेलं की तिचा घसा सुजायचा. पर्समध्ये दम्याचा पंप असायचा, आणि एक चमचा. स्वतःचा. लग्नाकार्यात ती घरचा डबा घेऊन कोपऱ्यात बसायची, म्हणाली. दुसऱ्याच्या चमच्याला तूप लागलेलं असलं तर? पहिल्या पंगतीला तिनं काहीच खाल्लं नाही. नुसता एक उतारा वाचून दाखवला — इतका सुरेख वाचला की ताटं तशीच राहिली सगळ्यांची. निघताना हसत म्हणाली, "मी यातलं सगळं वाचलंय, पण यातलं काहीच कधी खाल्लं नाहीये."

तरन्नुमनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पुढची प्रत्येक पंगत व्हीगन. जनावराकडून आलेलं काहीच नाही — मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही, मधसुद्धा नाही. आणि मग ती जी काही भिडली! रानडुकराच्या रश्श्याला तिनं सुरण घेतलं, कोळशावर भाजलेलं, काळ्या मसाल्यात मुरवलेलं. मधाच्या पोळ्यांना आमच्याकडची काकवी. पायच्या पारीला लोण्याऐवजी शेंगतेल. तिच्या हाताला काय होतं कुणास ठाऊक, ते खाताना काही कमी आहे असं वाटायचंच नाही. ऋता आधी प्रत्येक पदार्थाला विचारायची, यात काय, त्यात काय. तरन्नुम न कंटाळता सांगायची. मग दोन-तीन पंगतींनंतर ऋतानं विचारणं बंद केलं. तिचा चमचा पर्समध्येच राहायला लागला.

तिनं विचारणं बंद केलं — हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं असेल.

गोड माझ्याकडं होतं. आणि माझं गोड फसायचं. खोटं कशाला बोलू? अंड्याशिवायचा केक मध्ये बसायचा, काजूची साय फुटायची. एका पंगतीला माझा सफरचंदाचा केक ताटांत तसाच उरला. एक मास्तर सहज म्हणाले, "मनीषाताईंचं राहू द्या, तरन्नुमचा रस्सा वाढा अजून." सगळे हसले. तरन्नुमही हसली, मग माझ्याकडं बघितलं आणि केकचा मोठा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला. ते मला जास्त लागलं. तिनं माझी कीव करावी? पुस्तकं दोघींची, पंगत दोघींची, आणि नाव मात्र तिचं? हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. दौंडला परत जाताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले होते, एवढं आठवतं.

आणि आणखी एक आहे. ते सांगितलं नाही तर सगळंच खोटं होईल. ऋताचं ते दुखणं मला पूर्ण खरं वाटत नव्हतं. मी गोठ्याशेजारी वाढलेली बाई. दुधानं कुणाचं काही वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं. शिकलेल्या घरातली एकुलती पोर, लाडात वाढलेली, होत असेल थोडी खाज — असं मला आतून वाटायचं. तोंडावर मात्र मी मान हलवायचे. हो गं बाई, जपायला हवं.

शेवटच्या पंगतीला — ती शेवटची आहे हे कुणाला माहीत होतं — पहिल्या दुधाच्या वड्या करायच्या होत्या. पुस्तकात नदी ओलांडायला निघालेल्या माणसाला नावाडी निरोपाला देतात त्या. डोंगरातल्या शेळीचं पहिलं दूध वाफवून केलेल्या, पांढऱ्या, थरथरणाऱ्या. वाचताना मी तेव्हाच म्हटलं होतं, अगं, हा तर आपला खरवस! ऋताला त्या वड्यांची फार उत्सुकता होती. त्या पानाचा उताराही तीच वाचणार होती. तरन्नुम म्हणाली, "मनीषा, ह्या तूच कर. खरवस तुझ्या घरातला हाय."

आदल्या दिवशी मी माहेरी खुटबावला गेले. नारळाचं दूध काढलं, काजू वाटून घातले, घट्ट व्हायला चायना ग्रास विरघळवलं. पहिला घाणा थलथलीत राहिला. दुसरा रबरासारखा. तिसरा खाली पाणी आणि वर साय. आई चुलीपाशी बसून बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड कळत होतं.

"आगं, कशाला त्या नारळाच्या मागं लागलीस?" ती म्हणाली. "म्हस कालच याली. रेडकू पिऊन ऱ्हायलेला चीक हाय की. घिऊन जा."

मी नाही म्हणाले. हो, आधी नाही म्हणाले. ते मोजायचं असेल तर मोजा, मी मोजत नाही. कारण सकाळी उठून मी तोच चीक घेतला, साखर-वेलदोडा घातला, कुकरला वाफवला. झाकण काढलं तर असा सुंदर लागलेला, सुरी घातली तर कड तुटत नव्हती. आई खूश झाली. तिला एवढंच माहीत आहे — लेकीनं चिकाचा खरवस नेला आणि तो लोकांना आवडला.

सगळ्यांना हा द्यायचा आणि ऋताला वेगळं द्यायचं, असं मी ठरवलं. नारळाचा त्यातल्या त्यात बरा लागलेला घाणा एका छोट्या डब्यात भरला. वाढायच्या आधी तिच्या हातात डबा देईन, म्हणेन, तुझ्यासाठी खास. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला जाईपर्यंत मी हे वाक्य मनात घोळवत होते. त्या गाडीतून मला माघारी फिरता आलं असतं का? आलं असतं. खरवसाचा मोठा डबा वाटेत कुठंही उतरून देता आला असता.

खोली भरली होती, डॉक्टरीणबाई तेवढ्या त्या दिवशी नव्हत्या. ऋतानं उतारा वाचला. नावाडी होडी सोडतो, आणि किनाऱ्यावरचं कुणीच मागं वळून बघत नाही, असा तो शेवट.  मग तरन्नुमनं मशरूमचा पाय कापायला घेतला आणि मी वड्यांचं ताट टेबलावर ठेवलं.

काय सांगू तुम्हाला! पहिली वडी तोंडात टाकली आणि तेच मास्तर डोळे मिटून उभे राहिले. "आरं तिच्या! हा तर खरा खरवसच हाय की! नारळाची म्हणायची का ही?" मग सगळेच आले. कसं केलं, काय घातलं, व्हिडिओ टाका ताई. तरन्नुमनं लांबून माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले, हरले म्हणून. मी हसत होते. मी इतकी खूश होते की छोटा डबा टेबलाखालच्या पिशवीतच राहिला, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

खोटं. ध्यानात होतं. फक्त लोकांसमोर वेगळा डबा काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, तिला वेगळं का?

ऋता टेबलाच्या त्या बाजूनं आली. मी ह्या बाजूला. मध्ये फक्त ते टेबल. तिनं वडी उचलली. माझ्याकडं बघून ती जराशी उंच धरली, पेला उंचावतात तशी, आणि हसली.

मला तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. हे मला नीट सांगू द्या. गोंधळ नव्हता, कुणी मध्ये आलं नाही, मला उशिरा दिसलं असंही नाही. ‘ऋता, थांब’ — एवढंच म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर ते आलं होतं. आणि त्याच वेळी मला दिसलं की मी हे म्हटलं की मास्तर वळून बघतील, तरन्नुम वळून बघेल. मी मनात म्हणाले, एका वडीनं काय होतंय. आणि मी परत हसले तिच्याकडं बघून. तिनं वडी तोंडात टाकली. संपवली. दुसरी घेतली.

थोड्या वेळानं ती ओठ चोळायला लागली. मग घसा. पर्समधून पंप काढला, ओढला, पुन्हा ओढला. तरन्नुमचं लक्ष गेलं आणि तिच्या हातातली सुरी खाली पडली. ओठ सुजले होते, डोळ्यांखाली सूज चढत होती. कुणाची तरी गाडी खाली होती. तरन्नुम तिला धरून जिन्यावरून उतरली, जवळजवळ उचलूनच. मागं वळून मला ओरडली, "तू हितलं बघ!"

मी हितलं बघितलं. ताटात उरलेल्या वड्या होत्या त्या पाण्याबरोबर मोरीत घातल्या. मोठा डबा घासला. ताट घासलं. पुन्हा घासलं. नळ सोडलेलाच होता तेव्हा फोन वाजला.

"मनीषा," तरन्नुम धापा टाकत होती, "कशात दूध, तूप, काय होतं का? डॉक्टर इचारत्यात. खरं सांग."

"न्हाई गं," मी म्हणाले. "सगळं नारळाचं."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं ते डॉक्टरांना तसंच सांगितलं. तरन्नुमचा शब्द, माझ्या शब्दावरून. मग त्यांनी दम्याचाच झटका धरला आणि वाफ दिली. बराच वेळ वाफच देत राहिले. उतार पडेना म्हणून पुण्याला हलवा म्हणाले. शिक्रापूरच्या गर्दीत गाडी अडकली आणि तिथं तिचा श्वास थांबला. पुण्यात पोचल्यावर इंजेक्शन दिलं, नळी घातली, परत आणली तिला. पण मधला वेळ गेला तो गेलाच. तिच्या आईला तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं — दूध पोटात गेलंय एवढं पहिल्यांदाच कळलं असतं तर शिरूरलाच इंजेक्शन देऊन मोकळं झालं असतं. ऋताच्या आईनं, काकूंनी, हे मलाच सांगितलं. माझा हात हातात घेऊन.

ऋता वाचली. चालते, बोलते. बोलणं सावकाश झालंय, शब्द शोधावे लागतात. आणि तिला वाचता येत नाही. म्हणजे अक्षरं कळतात, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. काकूंनी पुस्तकं माळ्यावर टाकली, कारण ती नुसतीच मांडीवर घेऊन बसायची.

आणि दोष कुणावर आला? माझ्यावर येणारच नव्हता, वड्या तर सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, आणि त्या नारळाच्या होत्या. आधी मशरूमवर बोलणं झालं. मग तरन्नुमच आपणहून म्हणाली की ज्या तव्यावर तिनं पायचं सारण परतलं त्यावर घरचे तुपाचे पराठे होतात. घासला होता, पण राहिलं असेल. "माझ्याच भांड्याला तूप लागलं आसंल, मनीषा." ती काकूंच्या घरी गेली, सोबत मला घेऊन. काकूंच्या पायावर डोकं ठेवलं तिनं. मी शेजारी उभी होते. तिच्या पाठीवर मी हात ठेवला होता.

मग बाजारात बोलणं सुरू झालं. तव्याची गोष्ट फिरत फिरत भलतीकडंच गेली — त्यांच्या घरचं खायलाच कशाला जायचं, कशात काय घालतील. एका घरी चहाला बसले असताना माझ्यासमोर हे बोलले. मी कप उचलला आणि चहा प्यायले. तिचे डबे बंद झाले, क्लास बंद झाले. आता ती रांजणगावला कंपनीत पॅकिंगला जाते. घरातसुद्धा स्वयंपाक करत नाही म्हणे, वहिनी करते. मला एकदा म्हणाली, "तू हुतीस म्हणून मी उभी ऱ्हायले. बाकी समदे लांब झाले."

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. ऋताला त्या दिवसाचं काही आठवत नाही, पण त्या वड्या आठवतात. सारख्या मागते. नारळाच्याच होत्या ना, मग तिला चालतील. करून आणशील का?

मी केल्या. नारळाच्या. एव्हाना मला त्या छान जमायला लागल्या होत्या, हे सांगायलाही मला कसंतरी होतं. डबा घेऊन शिरूरला गेले. ऋता खुर्चीत बसली होती. मला ओळखलं, हसली. काकूंनी बशीत वडी दिली. तिनं चमच्यानं तुकडा तोडला, तोंडात घोळवला. खूप वेळ घोळवला.

"ही... ती नाही," ती म्हणाली.

काकू हसल्या. "अगं, तीच आहे. मनीषाताईंनीच केलीय."

"नाही." ती शब्द शोधत होती. मी तिच्याकडं बघत होते आणि तिला तो सापडू नये असं मला वाटत होतं. हेही सांगायचंच आहे तुम्हाला — मला तसं वाटत होतं. "ती... दुधासारखी होती."

काकूंचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तेव्हा वेगळं काय घातलं होतंस?"

"वेलदोडा जास्त होता," मी म्हणाले.

 काकूंनी बशीवर दुसरी बशी पालथी घातली आणि ती आत घेऊन गेल्या.  मी रिकाम्या डब्याची वाट न बघता निघाले. त्या दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. त्यानंतर त्यांचा फोन नाही. रस्त्यात एकदा दिसल्या तर थांबल्या, माझ्याकडं बघत राहिल्या, आणि पुढं गेल्या. त्यांना कळलंय की नाही, मला ठाऊक नाही. कळलं असेल तर त्या कशाची वाट बघताहेत, तेही ठाऊक नाही.

तरन्नुमला कळलेलं नाही. परवा तिचा फोन आला होता. भाचीला अंगावरचं दूध तुटल्यावर गाईचं चालू करायचं होतं, आणि तरन्नुमला भीती वाटत होती. "मनीषा, मला आता भांड्याला हात लावायला बी भ्या वाटतं गं," म्हणाली. "तू सांग, देऊ का?"

मी म्हणाले, डॉक्टरांना विचारून दे.

मग आम्ही दुसरं काही बोललो. नवऱ्याची शिफ्ट, दौंडचं पाणी, तिच्या अब्बांची तब्येत. बराच वेळ बोललो. मी तिला सांगितलं नाही.